दहा मीटरवरचा रणगाडा

रणगाड्याच्या मडगार्डचा पत्रा तीन मिलिमीटर जाडीचा आहे असे धरा. तो पस्तीस पटींनी लहान केला तर त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाएवढी होते. प्लॅस्टिकच्या साच्यातून इतका पातळ पत्रा निघत नाही. वितळलेले प्लॅस्टिक साच्याच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाहत जायला हवे, म्हणून किट बनवणारे ती जाडी अर्धा-पाऊण मिलिमीटर ठेवतात. त्यातला अर्धा मिलिमीटर पुन्हा पस्तीसने गुणला की साडेसतरा होतात. याचा अर्थ, खोक्यातून निघालेल्या प्रतिकृतीला जो मडगार्ड असतो तो पत्र्याचा नसतोच. ती जवळजवळ पाऊण इंची फळी असते. ही फळी ज्याच्या डोळ्याला खुपू लागली तो माणूस या छंदात कायमचा अडकला, असे खुशाल समजावे.

या छंदाला मराठीत धड नाव नाही. ‘युद्धसामग्रीच्या लघुप्रतिकृती’ असे म्हटले तर सरकारी खात्याची निविदा वाटते. घरी येणारे पाहुणे ‘खेळणी’ म्हणतात आणि आम्हीही फारसा वाद घालत नाही. एका अर्थी ते खरेही आहे. ब्रिटनमध्ये एअरफिक्स कंपनीने १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचे किट वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना विकायला काढले ते मुलांसाठीच. जपानमध्ये शिझुओका इथली तामिया ही मूळची लाकडाच्या व्यवसायातली कंपनी. लाकडी प्रतिकृतींकडून ती प्लॅस्टिककडे वळली आणि १९६० नंतरच्या एक-दोन वर्षांतच तिने जर्मनांच्या पँथर रणगाड्याचे मोटारवर चालणारे किट काढले. मोटार आणि दोन बॅटऱ्या रणगाड्याच्या पोटात बसतील असा त्याचा आकार ठरवला. नंतर मोजून पाहिले तर प्रमाण १:३५ च्या आसपास निघाले. विमानांच्या १:७२ या प्रमाणामागे सहा फुटांना एक इंच असा सरळ हिशेब आहे. १:३५ मागे बॅटऱ्यांखेरीज काही नाही. तरीही आज जगभरचे कारखाने याच मापात रणगाडे काढतात आणि आमच्यासारखे लोक आयुष्यभर सगळे काही पस्तीसने भागत बसतात.

गेली दोन वर्षे मी भागतो आहे तो सेंच्युरियन रणगाडा. ब्रिटिश बनावटीचा, पन्नास टनांहून अधिक वजनाचा, आपल्या सैन्याने १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत वापरलेला. नुसता सांगाडा साडेसात मीटरच्या थोडा वर, रुंदी तीन मीटर चाळीस सेंटिमीटरच्या आत-बाहेर. माझ्या टेबलावर तो बावीस सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटरपेक्षा कमी रुंद आहे. जेवणाच्या ताटात मावेल. हा रणगाडा का निवडला ते पुढे सांगतो. आधी त्या फळीचे काय करायचे ते पाहू.

माझी हत्यारे पुण्यातल्या बोहरी आळीत आणि सोनारांना सामान पुरवणाऱ्या दुकानांत मिळालेली आहेत. परदेशी कंपन्या हीच हत्यारे सुबक डबीत घालून तिप्पट किमतीला देतात. सोनाराच्या बारीक कानशी, त्यांत एक गोल, एक चपटी आणि एक तिकोनी हवीच. टोकाला न डगमगणारे दोन चिमटे. चिमटीत धरून बोटांनी फिरवायचे गिरमिट, ज्याला पिन व्हाइस म्हणतात. त्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक ड्रिल बसते. घड्याळजीचे भिंग. पाण्यात भिजवून वापरायचा चारशेपासून दोन हजार नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर. आणि ब्लेड. धारदार नवे ब्लेड हे या धंद्यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित हत्यार आहे. बोथट पात्याने कापायला जोर लागतो, आणि जोर लावला की पाते घसरते आणि बोटात शिरते.

फळीचा पत्रा करायचा तो या ब्लेडने. मडगार्डची सगळी जाडी कमी करायला जाऊ नये. प्लॅस्टिक कागदासारखे लुळे पडते. डोळ्याला दिसते ती फक्त कड. म्हणून आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने कडेचा तीन-चार मिलिमीटरचा पट्टा तिरपा तासत आणायचा, जसा सुतार फळीची कड रंध्याने मारतो. कड पातळ झाली की सगळा पत्राच पातळ वाटू लागतो. मग त्या कडेला एखाद-दुसरा पोचा द्यायचा, कारण अरुंद वाटेने जाणाऱ्या रणगाड्याचे मडगार्ड सरळ राहत नाहीत.

असा डोळ्याला चकवणारा उपाय पुरतो, यामागे साधे गणित आहे. आपण प्रतिकृती हातभर अंतरावरून, साधारण तीस सेंटिमीटरवरून पाहतो. तीस सेंटिमीटरला पस्तीसने गुणा: साडेदहा मीटर. म्हणजे माझ्यासमोरचा सेंच्युरियन मला रस्त्याच्या पलीकडे उभा असल्यासारखा दिसायला हवा. इतक्या अंतरावर चांगल्या नजरेच्या माणसाला तीन मिलिमीटरच्या आसपासची वस्तू कशीबशी वेगळी ओळखता येते. त्याहून बारीक ते एकमेकांत मिसळून जाते. त्या तीन मिलिमीटरचा पस्तिसावा हिस्सा म्हणजे पुन्हा तोच केस. तेव्हा केसापेक्षा बारीक कामाच्या मागे लागणे हा हट्ट आहे आणि केसापेक्षा जाड काहीही तसेच सोडणे हा आळस आहे. माझे सगळे काम या दोन टोकांच्या मध्ये चालते.

आता वेल्डिंग. सेंच्युरियनचा सांगाडा जाड पोलादी पत्रे वेल्ड करून बनवलेला आहे आणि जोडांवर वेल्डिंगची जाड, लाटांसारखी शीर दिसते. किटमध्ये तिथे बहुधा सरळ रेघ असते. किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात तिची एक कांडी मेणबत्तीवर धरायची, चकाकू लागली की ज्योतीबाहेर घेऊन दोन्ही हातांनी संथपणे ओढायची. पाकाची तार निघावी तशी प्लॅस्टिकची तार निघते. किती जाड निघणार ते ओढण्याच्या वेगावर. ती तार जोडावर ठेवून तिच्यावर प्लॅस्टिक विरघळवणारा पातळ गोंद दोन-तीनदा फिरवायचा. ती लोण्यासारखी मऊ झाली की ब्लेडच्या पाठीने शेजारी शेजारी तिरप्या खुणा दाबत जायचे. वाळल्यावर वेल्डरच्या हाताची थरथर तिच्यात जशीच्या तशी दिसते. हे काम खिडकी उघडी ठेवूनच करावे. त्या गोंदाच्या वाफेने डोके चढते, आणि रेझिनचे भाग घासताना उडणारी धूळ तर फुप्फुसाला चांगलीच वाईट. तोंडाला मास्क लावल्याशिवाय कानस हातात धरू नये.

वरचा फिरता बुरूज, ज्याला टरेट म्हणतात, तो मात्र ओतीव पोलादाचा. फक्त त्याचे छत वेल्ड केलेले. ओतीव पोलादाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत असते. पुट्टी पातळ करून ती जुन्या, केस कापलेल्या ब्रशने टोचत टोचत लावायची आणि अर्धवट वाळल्यावर पॉलिश पेपरचा एक हलका हात द्यायचा. ओतकामावर कारखान्याचे उठावाचे आकडे असतात. तेही करता येतात: किटच्या चौकटीवर भागांचे क्रमांक उठावात छापलेले असतात, ते नव्या ब्लेडने सालीसारखे तासून काढायचे आणि गोंदाच्या थेंबाने टरेटवर बसवायचे. एक आकडा उडून फरशीवर पडला की तो दिवस संपला. घरातले लोक केरसुणी घेऊन येतात, तेव्हा त्यांना आधी थांबवावे लागते.

हातकड्या, म्हणजे सैनिक वर चढताना धरतात त्या लोखंडी कांबी, प्लॅस्टिकमधून कापून टाकाव्यात. बारा मिलिमीटरच्या कांबीला एक तृतीयांश मिलिमीटरची तार लागते आणि ती मोटार वाइंडिंगच्या दुकानात तोळ्यावारी नव्हे, मूठभर फुकट मिळते. पट्ट्यांसाठी टूथपेस्टची जुनी ॲल्युमिनियमची नळी जपून ठेवली होती. तिचा पत्रा सरळ करून पाऊण मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या की कातड्याच्या वाद्या होतात. ताडपत्रीसाठी पातळ टिश्यू पेपर आणि पाणी घातलेले फेव्हिकॉल. ओला कागद घडी घालून टरेटमागच्या पेटीवर टाकला की तो स्वतःच्या वजनाने वळतो. मुद्दाम पाडलेल्या सुरकुत्या ओळखू येतात, वजनाने पडलेल्या नाहीत.

पितळी भागांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आजकाल नवशिका हौशी प्रथम तेच विकत घेतो. पितळेच्या अतिपातळ पत्र्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप लावतात, त्यावर आराखड्याची फिल्म ठेवून प्रकाश पाडतात आणि उघडे राहिलेले पितळ रसायनाने खाऊ देतात. उरते ती कापायलाही कठीण अशी नक्षी. वाचकांतल्या वयस्करांना ही पद्धत ओळखीची वाटेल. वर्तमानपत्रांत फोटो छापण्यासाठी जस्ताचे ब्लॉक याच तत्त्वावर कोरले जात. हा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाचा असतो, म्हणजे खऱ्या पत्र्याच्या प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी जवळचा. तो वाकवण्याआधी गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवून सोडून द्यावा. मग तो मऊ पडतो. तांबट आळीतले कारागीर भांडे ठोकण्यापूर्वी तांबे तापवतात, त्याच कारणासाठी. दिव्यांवरच्या जाळ्या, पेट्यांच्या कड्या-बिजागऱ्या, कड मारलेले पत्रे यांना पितळाला तोड नाही. पण पितळ चपटे असते. चपट्या पितळेची कांब कितीही महाग असली तरी ती कांब दिसत नाही, पट्टी दिसते. गोल वस्तूला गोल तार, पत्र्याला पत्रा, ओतीवाला पुट्टी. हे ज्याला कळले त्याचा निम्मा खर्च वाचतो. काही जण तर चाकांच्या आड, बाजूच्या पत्र्यांमागे कधीच दिसणार नाहीत अशा जागीही पितळ बसवतात. सेंच्युरियनचा साखळीपट्टा वरच्या भागात बाजूच्या पत्र्यांनी झाकलेला असतो; तो तिथे नेमका किती लोंबतो याची चिंता मी केलेली नाही.

रंगाची गोष्ट वेगळी. आकाराला मोजपट्टी आहे, रंगाला नाही. दहा मीटरवरून हिरवा रंग जवळून पाहिल्यापेक्षा फिकट दिसतो, मधल्या हवेमुळे. म्हणून डबीतला हिरवा तसाच लावला तर प्रतिकृती काळवंडते. त्यात थोडा पिवळसर पांढरा मिसळावा लागतो. त्यावर मग कॅमलच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून खाचांत सोडायचा. तो आपोआप कोपऱ्यांत, खिळ्यांच्या भोवती जाऊन बसतो आणि सावली पडल्याचा भास होतो. नंतर फिकट रंग ब्रशला घेऊन तो कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि कोरडा ब्रश उंचवट्यांवरून नुसता झटकत न्यायचा. कडा उजळतात. ऐंशीच्या दशकात बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी या दोन क्रियांची जोडी जगभर नेली. अमेरिकेत शिकागोचे शेपर्ड पेन यांनी रणगाड्याच्या भोवती प्रसंग कसा उभा करायचा ते १९८० च्या आपल्या पुस्तकातून शिकवले. त्यानंतर स्पेनमधल्या हौशींनी पुढची मजल मारली: स्पंजने उडवलेले रंगाचे टवके, हेअरस्प्रेवर रंग मारून ओल्या ब्रशने खरवडून काढलेली झीज, गंजाचे ओघळ, रंगीत भुकटीची धूळ. हात विलक्षण आहे त्यांचा, यात शंका नाही. पण ती फॅशन झाल्यापासून प्रत्येक रणगाडा भंगाराच्या बाजारातून आणल्यासारखा दिसू लागला. युद्धात रणगाडा गंजत बसत नाही. तो चालतो, किंवा जळतो. धावणाऱ्या पट्ट्याचे जमिनीला घासणारे भाग चांदीसारखे चकचकीत होतात. गंज धरतो तो तापणाऱ्या धुराड्याच्या पेट्यांवर. सेंच्युरियनला त्या मागच्या मडगार्डांवर आहेत. माझ्या प्रतिकृतीत नारिंगी रंग फक्त तिथे आहे, आणि तोही साधा गेरू.

संग्रहालयातला रणगाडा पाहूनही हे प्रश्न सुटत नाहीत. अहमदनगरला, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तिथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटनपर्यंत सगळा इतिहास झाडांखाली उभा आहे. मी तिथे दोनदा वही घेऊन गेलो आहे. खिळे मोजायला, वेल्डिंगची शीर किती रुंद आहे ते पाहायला, टरेटवर हात ठेवून त्या संत्र्याच्या सालीची जाण बोटांत घ्यायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही. परंतु जतन केलेला रणगाडा वरचेवर रंगवला जातो. खऱ्या रणगाड्याच्या आकारावर विश्वास ठेवावा, रंगावर नाही.

आणि आता, हाच रणगाडा का. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०चा. जून १९७१ मध्ये ते पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि सहा महिन्यांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, शकरगड विभागात बसंतर नदीच्या पलीकडे जरपालजवळच्या रणगाड्यांच्या लढाईत मारले गेले. वय एकवीस. त्यांच्या सेंच्युरियनचे नाव ‘फामागुस्ता’, सायप्रसमधल्या एका बंदराचे. रणगाड्याने पेट घेतल्यावर बाहेर पडण्याचा आदेश त्यांनी मानला नाही, कारण तोफ अजून चालत होती. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तो रणगाडा आज अहमदनगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे.

मी हे करतो आहे असे कळल्यावर ओळखीतला एक तरुण मुद्दाम बघायला आला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. स्पॅनिश पद्धत त्याने घोटून घेतली आहे. बराच वेळ भिंगातून पाहून तो म्हणाला, “काका, गोळ्याची खूण कुठंय? जळल्याचा काळा रंग नाही, टवका नाही. हा टँक लढला हे कळणार कसं?”

“अरे, हा अजून लढलेला नाही,” मी म्हटले.

त्याला ते पटले नाही, आणि त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. चिलखत भेदून गेलेला गोळा दाखवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तापवलेल्या सुईने भोक पाडायचे, कड आत वळवायची, भोवती उघड्या पोलादाचा करडा, त्याबाहेर जळक्या रंगाचा पांढुरका आणि मग काजळी. मी जर्मन रणगाड्यांवर ते अनेकदा केले आहे आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली आहे. पण त्या रणगाड्यांत कोण होते ते मला ठाऊक नव्हते. इथे ठाऊक आहे. ते भोक मी कौशल्याने पाडले तर येणारा माणूस आधी भोकाच्या कारागिरीचे कौतुक करणार, आणि ते मला ऐकवणार नाही. हा माझा निवाडा, सर्वांनी मानलाच पाहिजे असे नाही. त्या मुलाच्या मते मी प्रतिकृतीला देव्हाऱ्यात बसवतो आहे.

देव्हाऱ्यात बसवायचा असता तर स्वच्छ ठेवला असता. मी निवडली ती १६ डिसेंबरची पहाट. नदीपलीकडे भूसुरुंग पेरलेले होते. इंजिनिअर्सचे जवान वाट साफ करत होते, पण ते काम अर्धेच झाले असताना पुढे गेलेल्या पायदळाला शत्रूच्या रणगाड्यांची चाहूल लागली आणि पूना हॉर्सने अर्धवट साफ झालेल्या त्या सुरुंगांतूनच रणगाडे पुढे घातले. तेव्हा ‘फामागुस्ता’वर असायला हवे ते काय? काही दिवसांच्या मोहिमेची धूळ. झडपेच्या कडेला आणि चढायच्या वाटेवर बुटांनी झिजलेला रंग. मागे बांधलेली ताडपत्री. चाकांवर आणि खालच्या अंगावर वाटेतला चिखल, खाली ओला, वर वाळत गेलेला. गंज नाही, भोक नाही.

हा चिखल करायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. बाहेरची माती उचलून लावता येत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण पस्तीसने गुणला की साडेसतरा मिलिमीटरचा खडा होतो. शेवटी उपयोगी पडली ती गणपतीची शाडू. वाळलेला गोळा खलबत्त्यात कुटून सुती धोतराच्या दुहेरी कापडातून चाळली की पिठाहून बारीक भुकटी मिळते. पंजाबच्या गाळाच्या फिकट करड्या-तपकिरी रंगाजवळ यावी म्हणून तिच्यात तैलरंगाचा स्पर्श दिला. फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवलेला जाड थर चाकांच्या मधल्या जागेत, त्यावर पातळ, मग ब्रशने तर्जनीवर मारून उडवलेले थेंब, आणि वर नुसती कोरडी धूळ, टर्पेंटाइनच्या एका थेंबाने बसवलेली. सगळ्यात शेवटी खालच्या थरावर ओलाव्याची चकाकी. चकाकी फार पसरली तर रणगाडा नुकताच धुतलेला वाटतो.

माणसांचा प्रश्नही असाच सोडवावा लागला. १:३५ मध्ये माणसाचे डोके साडेसहा मिलिमीटरचे. त्यात डोळे म्हणजे सुईच्या टोकाचे दोन ठिपके आणि नाकाखालची सावली म्हणजे ब्रशच्या एका केसाचा स्पर्श. चेहरा जमतो, पण तो कोणाचाही चेहरा असतो. फोटोतला तो एकवीस वर्षांचा तरुण साडेसहा मिलिमीटरमध्ये आणणे माझ्याच्याने होणार नाही, आणि त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला उभे करायचे नाही. त्यांच्याबरोबर रणगाड्यात आणखी तिघे होते, त्यांचेही तेच. कमांडरची झडप उघडी ठेवली आहे. कानाला लावायचे फोन तिच्या कडेला टांगले आहेत, तांब्याच्या तारेचे.

नाव लिहायचे काम झाले. अक्षरांची उंची अडीच मिलिमीटर. एकेक अक्षर कोरून काढलेल्या कागदाच्या चौकटीतून रंग टेकवत गेलो, नऊ संध्याकाळी. आता रेडिओच्या दोन अँटेना तेवढ्या राहिल्या आहेत. मेणबत्तीवर ओढलेल्या तारा तयार करून पुठ्ठ्याला टोचून ठेवल्या आहेत, पण त्या मी सर्वांत शेवटी लावतो. घरात दोन नातवंडे आहेत, आणि अँटेना पहिल्या दिवशीच मोडते.